चौथा नकार

टोपी दिसली आणि तिनं त्या माणसाचा हातच धरला.

"चला ना लवकर! आत नऊच जण आहेत. दहा झाल्याशिवाय आमची प्रार्थना पुरी होत नाही!"

दर शनिवारी ज्यूंच्या प्रार्थनागृहाबाहेर उभं राहून दहावा पुरुष शोधायचं काम तिच्याच गळ्यात पडलेलं. बाबा तिथले धर्मगुरू, मग सुटका कसली! तो निमूट आत आला, मागच्या बाकावर बसला. बाबांनी जवळ जाऊन चौकशी केली तेव्हा कळलं – हा समोरच्या इमारतीतली लिफ्ट दुरुस्त करायला आलेला, टोपी थंडीची, आणि ज्यू तर मुळीच नाही.

"मग बोलला का नाहीत?" ती बाहेर येऊन कडाडली.

"तुम्ही बोलू दिलंत कुठे?" तो हसला. त्याच्या गालावर ग्रीसचा डाग होता. तो पुसावासा वाटला, आणि तसं वाटल्याचा तिला भयंकर राग आला.

राग काही टिकला नाही. ती काम करायची त्या चष्म्याच्या दुकानाशेजारची लिफ्ट फारच वरचेवर बिघडू लागली... तीन महिन्यांत दोघांनाही कळायचं ते कळलं.

"आपल्यात मुलं आईच्या धर्माची असतात ना बाबा? मग लग्नाचं अडलंय कुठे?"

"नियमानं असतात," बाबा म्हणाले. "पण शुक्रवारी संध्याकाळी तू शनिवारच्या स्वागताचे दिवे लावणार आणि नवरा बघत बसणार. मुलं कुणाचं बघून शिकतील?"

तिला उलट बोलता येईना, कारण नेमकं हेच तिच्याही मनात होतं. तिला घरात प्रार्थनेचे दोन आवाज हवे होते.

लिफ्टवाला आपण होऊन बाबांकडे गेला, मला धर्मात घ्या म्हणाला. अशा माणसाला तीनदा नकार द्यायची रीत; बाबांनी त्याला परत पाठवलं. एकदा, दोनदा, तीनदा. "मुलीसाठी येणाऱ्याला आम्ही घेत नाही. ती नाही म्हणाली तरी येशील का?"

ती दोघांवरही वैतागली. प्रेमात पडला म्हणून धर्मात घ्यायचं नाही, धर्मात नाही म्हणून लग्न नाही! डोक्याला नुसता ताप. शेवटी तिनं त्याला जिन्यात गाठलं.

"माझा नकार आहे. संपलं. आता काय करायचं ते कर."

त्याचा चेहरा पडला. "खरंच?"

"खरंच," ती म्हणाली आणि निघून आली.

आता कसला येतोय, असं तिला वाटलं. आला! आठ शनिवार आला. पुस्तकावर बोट ठेवून एकेक अक्षर लावत बसायचा. बायकांच्या बाकांकडे ढुंकूनही बघायचा नाही. नवव्या शनिवारी तिनं त्याला दारातच अडवलं.

"म्हणजे मी नसले तरी तुझं काही अडत नाही तर!"

"इथे यायला... नाही अडत," तो म्हणाला. "त्या दिवशी आत नऊ म्हातारे माझी वाट बघत होते. लिफ्टमध्ये अडकलेले सोडले, तर माझी वाट कुणी बघितलीच नव्हती. आता शनिवार चुकला तर चुकल्यासारखं होतं."

"आणि माझ्यावाचून?"

"तुझ्यावाचून घास उतरत नाही. पण हे बाबांना सांगू नकोस – पुन्हा हाकलतील."

तिला हसू आणि रडू एकदमच आलं. दाराआडून बाबा खाकरले.

"पहिलं उत्तर मी ऐकलं. दुसऱ्याला कान बंद केले होते. उद्यापासून शिकायला ये. वर्ष लागेल."

"वर्ष?" ती ओरडलीच.

"थांबशील?" लिफ्टवाल्यानं हळूच विचारलं.

"थांबेन की! पण त्या वर्षात एकदा तरी मान वर करून बघ, मेल्या!"