तळहात दाव

ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं. यात पदरची एक ओळही मी घातलेली नाही.

बयाबाई म्हणजे माझ्या आईची सख्खी मावशी. जत तालुक्यातल्या एका खेड्यात आमची ख्रिस्ती माणसांची सहा घरं होती. साल १९४३. नाताळाच्या आधीचा शनिवार.

त्या वर्षी बयाबाईची दोन्ही लेकरं तापानं गेली होती.

प्रभू पुन्हा येईल, तेव्हा मेलेले उठतील आणि आपल्या माणसांना तो सोबत नेईल. एवढ्याच आशेवर ती जगत होती. रोज दिवेलागणीला गुडघे टेकायची.

“ये रं प्रभू. आता लय झालं. माजी लेकरं मला दाव.”

समोरच्या घरात तिचा थोरला भाऊ नाथाजी एकटा राहायचा. तोही त्याच वेळी प्रभूनं यावं हेच मागायचा. दोघांना एकमेकांचा आवाज ऐकू यायचा.

त्या संध्याकाळी नाथाजीचा आवाज मध्येच तुटला...

कुत्री गप्प. कोंबड्या गप्प.

आणि बयाबाईच्या दारावर थाप पडली.

एकच.

“बया... आलोय मी. दार उघड.”

आवाज इतका मायाळू, की तिला रडूच फुटलं. धावत जाऊन तिनं कडीला हात घातला.

बाहेर लेकरं हसली...

तिचीच.

पुन्हा हसली. अगदी तसंच. तेवढंच. पुन्हा... पुन्हा...

तिनं कडीवरचा हात मागं घेतला.

“प्रभू असशील, तर तळहात दाव,” ती कशीबशी म्हणाली. खिळ्यांचे व्रण ती ओळखणार होती.

खिडकीच्या गजांतून एक हात आत आला...

व्रण नव्हता.

तळहातावर एक रेघसुद्धा नव्हती.

बयाबाई खाटेखाली शिरली, ती उजाडेपर्यंत बाहेर आली नाही.

सकाळी नाथाजीचं दार सताड उघडं होतं. वहाणा उंबऱ्याशी. ताटात अर्धी भाकरी.

नाथाजी नव्हता.

आठ दिवस माणसांनी विहिरी, ओढे, माळ पालथे घातले. तो आजतागायत सापडलेला नाही.

बयाबाई पुढं चाळीस वर्षं जगली. शेवटच्या आजारात तिनं माझं मनगट धरलं.

“दादाकडं खरा प्रभू आला आसंल, तर मी एकलीच मागं ऱ्हायले, व्हय रं? आन् दादाकडं बी त्योच आला आसंल, तर...”

मनगट मात्र तिनं सोडलं नाही.

परवा आमच्या चर्चमध्ये ‘प्रभू, लवकर ये’ अशी प्रार्थना झाली. सगळे ‘आमेन’ म्हणाले.

माझे ओठ उघडले नाहीत...