पोटातली घंटा

मंजिरीच्या पोटात दुखत होतं आणि निदानपेटी म्हणत होती, दुखत नाहीये. आता बोला! पोट मंजिरीचं की पेटीचं?

निदानपेटी म्हणजे काही साधीसुधी चीज नव्हे. आत उभं राहिलं की ती कातडीपासून हाडांपर्यंत सगळं बघते. कुठे सूज, कुठे जखम, कुठे जंतू, ते क्षणात सांगते. ती बनवली होती मंजिरीच्या आजोबांनी, तात्यांनी, आणि आता साताऱ्यातल्या सगळ्या शाळांत ती बसली होती. मंजिरी तिच्यात किती वेळा उभी राहिली, पण दर वेळी पडद्यावर तीच हिरवी अक्षरं उमटली : 'दुखणे नाही.' झालं! बाईंनी तिला वर्गात पडून राहू देणं बंद केलं आणि मुलींनी तिचं नाव 'नाटकी' ठेवलं.

आज घरी पेढे वाटणं चाललं होतं. तिच्या थोरल्या बहिणीची, यामिनीची, चांद्रतळावर (चंद्रावरची संशोधकांची वसाहत) शिकायला निवड झाली होती. शेजारीपाजारी जमले होते. मंजिरीने पेढा हातात घेतला आणि पोटात अशी कळ आली की ती मटकन खालीच बसली.

"बघा, बघा," काकू हसत म्हणाल्या, "बहिणीचं कौतुक चाललंय आणि हिच्या पोटात दुखतंय!"

सगळे खो खो हसले. आपल्या भाषेत ही मोठी सोय आहे. दुसऱ्याचं बरं बघवत नसलं की त्याच्या पोटात दुखतं म्हणायचं. पण जिचं पोट खरंच दुखतं, तिने काय म्हणायचं, हे मात्र कुणी सांगून ठेवलेलं नाही. यामिनीसुद्धा हसली. मंजिरीला तेच सगळ्यात जास्त लागलं.

ती तडक तात्यांच्या कार्यशाळेत गेली. "तात्या, मला खरंच दुखतंय."

"अगं, पेटी चुकत नाही," तात्या मान वर न करता म्हणाले. "सूज नाही, जंतू नाही. काही झालेलं नाही तुला."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"तसं नाही गं..." एवढं बोलून तात्या गप्प बसले. 'तसं नाही' म्हणून माणूस गप्प बसला की 'तसंच आहे' हे शेंबड्या पोरालाही कळतं.

तेवढ्यात घरभर आगीची घंटा कोकलायला लागली. स्वयंपाकघराचं दार आपोआप धाडकन बंद झालं आणि आतून काकू ओरडल्या, "अहो तात्या! नुसती आमटीला फोडणी दिली हो! उघडा दार!"

मंजिरीला मनातून बरं वाटलं. वाटणारच! तात्या धावले, ती मागोमाग गेली. तात्यांनी दार उघडलं, घंटा थांबवली आणि भिंतीवरचा संवेदक (धूर टिपून इशारा देणारा भाग) खाली काढला. काकू मिरचीच्या खाटाने खोकत बाहेर आल्या.

"मागे पडद्याने पेट घेतला ना, तेव्हापासून हा बिथरलाय," तात्या पुटपुटले. "आता मोहरी तडतडली तरी बोंबलतो."

"पण आग नव्हतीच ना?" मंजिरीने विचारलं.

"छे! कुठली आग?"

"मग घंटा नाटक करत होती?"

तात्यांनी संवेदक खाली ठेवला आणि तिच्याकडे बघितलं.

"ती खरीच वाजली," मंजिरी म्हणाली. "तुम्ही लगेच धावलात. माझ्यासाठी कुणी धावत नाही." आणि तिला रडू फुटलं.

तात्या तिथेच जमिनीवर बसले. तिला जवळ घेऊन म्हणाले, "पोरी, शरीरातले मज्जातंतू (निरोप नेणारे बारीक धागे) मेंदूला सारख्या बातम्या देत असतात. त्यातली धोक्याची कुठली, ते मेंदू ठरवतो आणि घंटा वाजवतो. ती घंटा म्हणजे वेदना. एखादं दुखणं येऊन गेलं आणि वर काळजी मानगुटीवर बसली, तर मेंदूही या संवेदकासारखा हळवा होतो. आतडं जरा हललं तरी ठणाणा! आग नसते, घंटा मात्र खरी असते. माझी पेटी नुसती आग शोधते. घंटा तिला ऐकूच येत नाही. आणि मी शहाण्याने तिच्यावर लिहिलं, 'दुखणे नाही'! तुझं पहिल्यांदा कधी दुखलं गं?"

"जुलाबाने आजारी पडले तेव्हा. आई-बाबा चंद्रावर गेले ना, त्याच आठवड्यात."

आई-बाबा सहा महिन्यांसाठी गेले होते. त्याला दोन वर्षं झाली. 'थोडंच काम राहिलंय,' असं पडद्यावरून हसून सांगत.

"आता ताई चालली. तिथे गेलेलं कुणी परत येत नाही, तात्या. मला हेवा नाही वाटत. भीती वाटते."

काकू परत आत जाऊन आमटी ढवळू लागल्या. चुकलं म्हणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

"मग आता थांबेल?" मंजिरीने डोळे पुसत विचारलं.

"लगेच नाही. त्याला बटण नसतं. श्वास सावकाश सोडायचा, खेळणं सोडायचं नाही, भीती वाटली की बोलून टाकायची. धोका नाही हे मेंदूला पुन्हा पुन्हा कळलं की घंटा हळूहळू मंद होते. आग नाही ना, हे आधी तपासलं ते बरोबरच केलं. पुढे ऐकायचं राहिलं."

तात्यांनी त्याच संध्याकाळी सगळ्या पेट्यांवरची अक्षरं बदलली : 'दोष दिसला नाही. दुखतं की नाही, ते ज्याचं पोट त्याला विचारा.' घंटा ऐकणारी पेटी अजून कुणी बनवलेली नाही. मोठेपणी आपण बनवणार, असं मंजिरी म्हणते.

यामिनी निघाली त्या सकाळी मंजिरीला पुन्हा कळ आली. काकूंनी तोंड उघडलं, पण मंजिरीच आधी म्हणाली, "हो काकू, पोटात दुखतंय. खरंखुरं."

या वेळी कुणी हसलं नाही. यामिनीने बॅग खाली ठेवली आणि ती बहिणीशेजारी फरशीवर बसली. "कुठे दुखतंय, मंजू?"

दोन वर्षांत हे तिला पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं, आणि विचारणारी निघाली होती. मंजिरी सांगायला लागली. दारातली गाडी भोंगा वाजवू लागली.

"वाजू दे," यामिनी म्हणाली. "आधी तुझं ऐकते."