हट्टी ठिपका

दुरुस्तीच्या दुकानात एकच जुना प्रोजेक्टर होता, आणि त्यावर एकाच वेळी दोन हात पडले. एक तिचा, एक त्याचा. तो नाटकांची प्रकाशयोजना करायचा. त्याला पडद्यावर ढग सोडायचे होते. तिला प्रोजेक्टर नकोच होता. त्याच्या पोटातला लिक्विड क्रिस्टलचा नखाएवढा पडदा तेवढा हवा होता. त्यावर लेझर सोडून तिला खरीखुरी खोली असलेलं चित्र उभं करायचं होतं – होलोग्राम.

"म्हणजे तुम्ही हा फोडणार?"

"फोडणार नाही. उघडणार."

"मग घ्या… पण उघडताना मला बघू द्या."

बघायला म्हणून आलेला तो मग रोजच तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत डोकावू लागला. प्रोजेक्टरची एवढी काळजी कुणी करत नाही हो, असं घरी तिची ताई तिला चिडवायची.

काम मात्र अडलं होतं. भंगारातून होलोग्राम होत नसतो, शुक्रवारी दाखवा नाहीतर विषय बदला, असं तिच्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं. त्या नखाएवढ्या पडद्याला न जुमानता काही प्रकाश सरळ पुढे यायचा. त्याचा झगझगीत ठिपका मधोमध ठाण मांडून बसायचा आणि चित्र गिळून टाकायचा.

एका संध्याकाळी तो शेजारी श्वास रोखून बसलेला दिसला, तशी ती हसली. "श्वास घ्या. तेवढ्यानं टेबल हलत नाही."

"टेबलाचं कोण बोलतंय…"

त्या संध्याकाळी तिची सगळी गणितं चुकली.

सकाळी मात्र लख्ख सुचलं. ठिपका पुसायचा कशाला? पडद्यावर उमटवायची नक्षी ज्या गणितातून यायची, त्यातच तिने एक भिंग मिसळलं. चित्र ठिपक्याला मागे टाकून पुढे सरकलं, आणि ठिपक्याच्या वाटेत तिने टाचणीचं डोकं उभं केलं. झालं, ठिपका गायब!

शुक्रवारी सरांनी प्रकाशात पांढरं कार्ड धरलं. त्यावर एक खुर्ची उमटली. कार्ड मागे नेलं, तशी ती विरली आणि मागची दुसरी खुर्ची रेखीव झाली. सर कार्ड पुढे-मागे करतच राहिले, एखाद्या पोरासारखे. शेवटी म्हणाले, "विषय बदलू नका."

ती जवळजवळ धावतच बाहेर आली. व्हरांड्यात तो येरझाऱ्या घालत होता.

"जमलं?"

"जमलं." आज तिला काहीच अवघड वाटत नव्हतं. "आणि… मला तू आवडतोस."

"तू… म्हणालीस?"

"हो. तू."

त्याने तिचा हात हातात घेतला. तेवढ्यात दार उघडलं. कार्ड हातात घेऊन सर उभे होते. त्यांनी दोघांकडे पाहिलं, तसेच आत वळले आणि दार हळूच लोटून घेतलं.

हात कुणीच सोडला नव्हता.