तीन महिने शून्य टक्के

मे महिना. चार वाजून गेले तरी ऊन हटायला तयार नव्हतं. कॅनॉटच्या बाजारात आमच्या बँकेच्या निळ्या छत्रीखाली मी माहितीपत्रकानंच वारा घेत बसले होते... आणि तो आला. कार्डासाठी नाही, सावलीसाठी.

"पाच मिनिटं उभा राहू का इथं?"

पांढरा शर्ट, धुळीनं माखलेले बूट आणि डोळे असे, की मी पत्रक हलवायचीच थांबले.

"उभं राहा की. पण बसलात तर कार्डाची माहिती ऐकावी लागेल."

तो सरळ समोरच्या खुर्चीत बसला. "ऐकवा."

मिहिर धारूरकर त्याचं नाव. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात डिझाइनचं काम करायचा. कार्ड त्याच्याकडे आधीच होतं. "तेच तर खातंय मला," तो हसून म्हणाला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

शहरातल्याच सातारा परिसरात नवीन झालेल्या एका इमारतीत त्याचा फ्लॅट. सोळा घरं, आणि वयानं सगळ्यांत लहान म्हणून सोसायटीचं सचिवपद याच्या गळ्यात. बोअर आटली तेव्हा दुसरी घ्यायचं ठरलं. बोअरवाल्याला पैसे जागेवर हवे होते. लोक म्हणाले, तू भर, पुढच्या महिन्यात देतो. यानं नव्वद हजार कार्डावर टाकले. सहाशे फूट गेले, वर आला नुसता फुफाटा. पाणीच लागलं नाही म्हटल्यावर पैशांचं नावही कुणी काढेना.

"व्याज किती?"

"महिन्याला साडेतीन टक्के."

म्हणजे तीन हजारांच्या वर नुसतं व्याज! मी पाठ केलेलं बोलायला लागले, "बॅलन्स ट्रान्सफर करून घ्या. ही थकबाकी आमच्या कार्डावर आणायची. तीन महिने शून्य टक्के."

"शून्य? आणा पेन!"

त्या महिन्यात माझे एकोणीस फॉर्म झाले होते. विसावा झाला की चार हजार बोनस. आणि विसावा माझ्या डोळ्यांदेखत भरला जात होता, सुंदर, रेखीव अक्षरात. सहज म्हणून मी विचारलं, "महिन्याला किती भरू शकाल?"

"आठ हजार. घराचा हप्ताही जातो ना."

तीन महिन्यांत चोवीस. उरले सहासष्ट. त्यावर पुन्हा साडेतीन टक्के... मी फॉर्म हळूच ओढून घेतला.

"आज नको. उद्या या. अजून दोन बँकांत विचारा. नुसतं व्याज नाही, मुदत किती, फी किती, आणि मुदत संपल्यावर दर काय, तेही."

"स्वतःचंच गिऱ्हाईक पळवून लावताय?"

"उद्या या म्हटलं ना."

"कार्डासाठी, की..."

"की काय?"

"काही नाही. सावली छान आहे इथली."

दुसऱ्या दिवशी तो आला. हातात लस्सीचे दोन ग्लास, काखेत वही. आम्ही डोकं लावून बसलो. इतकं जवळ, की त्याच्या हातावरचा पेन्सिलीचा डाग मला दिसत होता आणि माझी बेरीज दोनदा चुकली. एका बँकेची फीच भारी होती. दुसरीचा दर महिन्याला सव्वा टक्का, उरलेल्या रकमेवर, बारा महिने, हप्ता आठ हजारांच्या जरा वर.

"हे घ्या," मी वहीत बोट ठेवलं. "आहे तसं ठेवलंत तर सव्वीस हजार व्याज. आमच्याकडे आलात तर तेरा. या दुसऱ्या बँकेत साडेसात."

"पण तुमचं तर शून्य आहे."

"तीनच महिने आहे."

तेवढ्यात आमचे टीम लीडर बन्सी सर आले. "प्रांजली, झाला का विसावा?"

"नाही सर. यांचा विचार बदलला."

सर गेले. मिहिरचे कान लाल झाले होते. "तुमचा बोनस..."

"जाऊ द्या. मिळेल दुसरा कुणीतरी."

"दुसरा?"

"गिऱ्हाईक म्हणतेय मी!"

तो इतका मोकळा हसला, की पलीकडचा चप्पलवाला वळून बघायला लागला. मी तोंड लपवायला वही धरली आणि म्हटलं, "नवीन कार्डावर काही घ्यायचं नाही, चहासुद्धा नाही. त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. आणि हप्ता चुकवायचा नाही."

"आठवण कोण करणार?"

"मोबाईल."

"मोबाईल रागावत नाही हो..."

त्यानं थकबाकी त्या दुसऱ्या बँकेत वळवली. मग दर पाच तारखेला तो हप्ता भरल्याचा मेसेज दाखवायला येऊ लागला. मेसेज बघायला अर्धं मिनिट लागायचं, तो तासभर बसायचा. पावसाळा आला आणि नुसतं तोंड दाखवून गेला. तो टँकरच्या गमती सांगायचा, मी दौलताबादच्या घरच्या. एकदा मुद्दाम त्याच्या चेहऱ्याकडे बघत सांगितलं, "आमची मेंढरं आहेत. वडील चाऱ्यासाठी त्यांना घेऊन लांब गेलेत."

"किती?"

"साठ."

"नावं असतात त्यांना?"

"असतात की."

"सांगा मग."

मी सतरा नावं सांगितली. तो हसला नाही. हनुवटी हातावर टेकवून ऐकत राहिला... त्या दिवशी घरी जाताना मी बसमध्ये एकटीच हसत होते.

नोव्हेंबरात समजलं, हप्त्यासाठी तो कंपनीत दुपारचा डबा अर्धाच मागवतो. मला राग आला. "सोसायटीत पैसे का नाही मागत?"

"लाज वाटते. पाणीच लागलं नाही ना..."

"रविवारी मीटिंग आहे म्हणालात? मी येतेय."

गच्चीवर सगळे जमले होते. सुरुवात मधुसूदनकाकांनीच केली. निवृत्त हेडमास्तर, आवाज खणखणीत. "पाण्याचा थेंब नाही, मग पैसे कसले?"

मी उभी राहिले. "काका, पाणी लागलं असतं तर ते काय यांच्या एकट्याच्या नळाला आलं असतं?"

आणि लगेच वही उघडून मी व्याजाचा सगळा हिशोब मांडला. सोळा घरं, प्रत्येकी साडेपाच हजारांच्या आसपास. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पहिला चेक माझा, लिहून घे रे, मिहिर." आणि खाली उतरताना मला हळूच बाजूला घेऊन, "बाळ, माझंही एक कार्ड आहे. जरा बघशील?"

पंधरा दिवसांत पैसे जमले. मिहिरनं कर्ज मुदतीआधीच फेडलं. फोनवर सांगताना त्याचा आवाज नाचत होता. मीही "अभिनंदन" म्हटलं... आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं. हप्ता संपला होता.

डिसेंबरची पाच तारीख. मी नवा आकाशी ड्रेस घातला होता. पाच वाजले, सहा वाजले. दिवे लागले. तो आला नाही. घरी आईनं भाकरी पुढ्यात ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "काय झालं गं? लई गप हाईस."

"काही नाही."

"नाय कसं? डोळं सांगत्यात ना."

सहा तारीख गेली. सात गेली. आठ तारखेला संध्याकाळी मी मान खाली घालून फॉर्म लावत होते. समोरची खुर्ची सरकली.

"आज आठ तारीख आहे," मी मान वर न करता म्हणाले.

"माहीत आहे."

"पाचला का नाही आलात?"

"मुद्दाम. पाचला आलो असतो तर तुम्हाला वाटलं असतं, सवयीनं आलो." त्याचा आवाज अडखळला. "आज माझ्याकडे दाखवायला मेसेज नाही. काही कामही नाही. तुला बघायला आलोय, प्रांजली... रोज येऊ?"

पहिल्यांदाच तो मला 'तू' म्हणाला होता. टेबलावर त्याचा हात होता. मी त्यावर माझा ठेवला. सगळ्या कॅनॉटसमोर.

"तीन दिवस झोपले नाही मी. खूप राग आलाय मला तुझा."

"अजून आहे?"

"आहे," मी म्हणाले. "हात सोडू नकोस."