दोन बरण्या आणि सहा बदकं

"सुमेध, बरणी नीट धर! फुटली ना, तर तुलाच गोगलगायी मोजत बसवीन!" प्रांजली सायकलचं पायडल मारत ओरडली.

"दीदी, तूच खड्ड्यातून घेऊन राहिली! मैं क्या करूँ?" मागच्या कॅरिअरवरून सुमेध म्हणाला. त्याच्या मांडीवर लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या होत्या.

रिसालीहून मरोद्याच्या तलावावर दोघं पोचले, तेव्हा दामिनी घाटावर उभी होती. पाणी लागू नये म्हणून तिनं दोन्ही हातांवर दुधाच्या रिकाम्या पिशव्या चढवून वर दोरी बांधली होती. तिच्या भोवती सहा बदकं कलकलाट करत होती.

"इतका उशीर कावून केला? ऊन चढलं ना! उद्या अकरा वाजता धनंजयकाका मोरचुदाचं पोतं रिकामं करून राहिले पाण्यात!"

त्या उन्हाळ्यात तलावाला काहीतरी झालं होतं. जो पाण्यात उतरे, त्याच्या अंगावर लाल पुरळ उठे आणि रात्रभर खाज सुटे. तलाव समितीचे धनंजयकाका म्हणाले, "बदकांची घाण! हटवा ती बदकं!"

बदकं दामिनीच्या रंभाआजीची होती. दामिनीच्या आईनं कोंबडीखाली ती अंडी ठेवली होती. पिल्लं बाहेर आली, तेव्हा आई राहिली नव्हती. आजी रोज सकाळी आपल्या बासीतला शेवटचा घास, पाण्यात भिजलेला तो भात, त्या बदकांसाठी वाटीत राखून ठेवी.

बदकांवर आळ आलेला पाहून प्रांजलीला राग आला होता. तिनं धनंजयकाकांना काठावरच्या मोठ्या पिवळ्या गोगलगायी दाखवल्या. "काका, ह्या मागच्या वर्षी नव्हत्या! खाज ह्यांच्यामुळेच!"

काकांनी गोगलगायी मारायला लगेच मोरचुदाचं, त्या निळ्या विषारी खड्यांचं, पोतं मागवलं. मोरचूद पडलं, तर गोगलगायी मरतीलच, पण मासेही मरतील, हे प्रांजलीच्या नंतर लक्षात आलं. शिवाय त्या पिवळ्या गोगलगायी सुमेधच्याच निघाल्या. आजोबा रिटायर झाले, कंपनीचं क्वार्टर खाली करायचं होतं, आणि रिसालीच्या घरात काचेची टाकी ठेवायला जागा नव्हती. सुमेधनं सगळी टाकी ह्या तलावात ओतली. क्वार्टर सोडताना बरेच जण तसंच करत.

जनावरांच्या दवाखान्यातल्या उत्कर्षाताईंनी तिघांना सांगितलं होतं, "पाहिल्याशिवाय कोणावर आळ घेऊ नका. बाहेरच्या पिवळ्या एका बरणीत ठेवा, इथल्या तपकिरी दुसरीत. उन्हात ठेवा. किडा असेल, तर उजेडात पाण्यात उतरेल. आणि बरणीत हात घालायचा नाही!"

दामिनीनं पिशव्या घातलेल्या हातांनी गोगलगायी वेचून दोन्ही बरण्या भरल्या आणि घाटाच्या पायरीवर ठेवल्या. तिघं भिंग घेऊन बसले. तासभर काहीच झालं नाही.

"मेरे वाले सीधे हैं," सुमेध हळूच म्हणाला. "दीदी, त्यांनी नसेल ना काही केलं?"

"चूप बैस. हलवू नको पाणी."

"प्रांजली!" दामिनी एकदम ओरडली. "हे पाह्य! तपकिरीच्या बरणीत!"

पाण्यात धुळीएवढे ठिपके नाचत होते. भिंगातून पाहिलं, तर एकेकाला शेपूट, आणि शेपटीला टोकाशी दोन फाटे! पिवळ्यांच्या बरणीत मात्र पाणी स्वच्छ होतं.

"माझ्या छूट गए!" सुमेध नाचायला लागला. "माझ्या गोगलगायी निर्दोष!"

तिघं बरण्या घेऊन दवाखान्यात पळाले. उत्कर्षाताईंनी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मान हलवली. "हाच तो. माणसाच्या कातडीत शिरतो आणि तिथंच मरतो. म्हणून खाज. पिवळ्या बाहेरून आल्या, हा किडा त्यांच्यात राहत नाही. पण म्हणून टाक्या तलावात ओतायच्या नाहीत हं, सुमेध."

"पण तपकिरीत तो आला कुठून?" प्रांजलीनं विचारलं.

ताईंनी दामिनीकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाल्या, "बदकाच्या पोटातून. बदकाच्या विष्ठेतून किड्याची अंडी पाण्यात पडतात, ती गोगलगायीत वाढतात, आणि मग पुन्हा बदक. बदकाची चूक नाही, बेटा. त्याला कळतही नाही."

सुमेधनं बरण्या खाली ठेवल्या.

बाहेर आल्यावर प्रांजली म्हणाली, "पिवळ्या निर्दोष, खाज तपकिरींमुळे, एवढंच सांगू. बदकांचं नाही सांगायचं."

"मग काका तपकिरीसाठी मोरचूद टाकतीन," दामिनी म्हणाली. "सारे मासे मरतीन. नाही. मीच सांगतो."

ती पुढं होऊन तलावाकडे, बदकांकडे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, घाटावर गर्दी जमली होती. धनंजयकाका पोत्याची दोरी सोडू लागले, तोच सुमेध पोत्यावर चढून बसला.

"ए पोट्ट्या, उतर!"

"नहीं उतरूँगा! आधी बरण्या पाहा!"

एकेकानं भिंगातून पाहिलं. मागून उत्कर्षाताई आल्या होत्याच. दामिनी पुढं झाली. "काका, किडा आमच्या बदकातून येते. बदकं इथून गेली, की किडा बी हळूहळू जाईन. मोरचूद नका टाकू."

"मी म्हटलंच होतं! बदकं!" काका म्हणाले.

"काका, तुम्ही आधी बदकं म्हटलं, मग पिवळ्या म्हटलं," प्रांजली म्हणाली. "पाहिलं एकदाही नाही! मी पण पाहिलं नव्हतं."

काकांनी दोरी पुन्हा बांधली. "पोरांनो, शाबास," ते खालच्या आवाजात म्हणाले. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दामिनीनं टाळ्या ऐकल्या नाहीत. ती गर्दीत उभ्या असलेल्या आजीकडे पाहत होती.

रंभाआजीचे भाऊ शालिकराम दुपारी घरी ऑटो घेऊन आले. त्यांच्या शेतात एक डबरी, छोटंसं तळं होतं, त्याच्यात कोणी आंघोळ करत नसे. दामिनीनं एकेक बदक स्वतः टोपलीत ठेवलं. शेवटचं तिच्या फ्रॉकला चोच लावून राहिलं, सोडेना.

"आजी, माय रागावीन का?"

"कावून रागावीन? तुझी माय असती, तर तिनंही हेच केलं असतं," आजी म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

महिन्याभरानं खाज थांबली. सुमेध पोहता पोहता ओरडला, "एक भी दाना नहीं उठा, दामिनी! ये ना!"

दामिनी आली, पण घाटावरच बसली. तिच्या हातात आजीची वाटी होती. आजी अजूनही बासीचा शेवटचा घास राखून ठेवत होती. सांगूनही ऐकत नव्हती.

दामिनीनं तो भात पाण्यात टाकला. मासे वर आले, भराभर खाऊन गेले. तिनं वाटी विसळली. मग उगाच, अगदी हळू आवाजात, रोज बदकांना घालायची ती हाक घातली, आणि पाणी हलतं का, ते बराच वेळ पाहत राहिली.