सत्तेचाळीस नंबरची पपई

साकीनाक्याच्या त्या गाळ्यात चेतना आली ती पत्ता चुकून. तिला पलीकडच्या गल्लीतलं चिकूचं गोदाम हवं होतं. गाळा सांभाळणाऱ्या नितेशने कागदात गुंडाळून पिकत घातलेल्या पपया दाखवल्या, तेव्हा ती म्हणाली, "मग इथंही मोजते की." पुढचा सगळा सत्यानाश या सौजन्यातून झाला.

मोजायची होती नासाडी. झाडावरून निघालेली फळं गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत किती सडतात, याचा अभ्यास तिची संस्था करत होती. शेवटी एका गाळ्याला कोल्ड रूम फुकट मिळणार होती. नितेशला ती हवीच होती. नाहीतर शेठ गाळा प्लायवूडवाल्याला देणार होते, आणि पपई पिकवण्यापलीकडे नितेशला जगात काही येत नव्हतं.

चेतनाने पहिल्या खेपेच्या शंभर पपयांवर नंबर चिकटवले. तिसऱ्या दिवशी सत्तेचाळीस नंबर तिच्या हातातच फुटली. कोपरापर्यंत ओघळ आला. तिने नुसते डोळे मिटून घेतले... आणि त्या मिटल्या पापण्यांकडे नितेश गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून तो तासभर आधी यायला लागला. सडकी पपई काढायची, तिचा नंबर अलगद सोलायचा आणि चांगल्या पपईवर लावायचा. प्रेमात पडलेले लोक चंद्र-तारे आणायच्या बाता मारतात. नितेश निदान पपई तरी आणत होता. शिवाय कोल्ड रूमही त्यामुळेच मिळेल, अशी त्याची खात्री होती. शाळेपासून बक्षीस कमी चुका करणाऱ्यालाच मिळत आलं होतं.

चेतना रोज यायची. काट्यावर पपई ठेवता ठेवता विचारायची, "काय करतोस रे त्यांना? सडतच नाहीत."

"नजर ठेवतो."

"पपयांवर?"

"पपयांवर... सुद्धा."

ती वहीत मान घालून हसायची आणि नासाडीच्या रकान्यात शून्य लिहायची.

सात आठवड्यांनी कोल्ड रूम घाटकोपरच्या एका गाळ्याला मिळाली. तिथं निम्मा माल सडत होता.

"जिथं जास्त सडतं तिथंच देतात," चेतना खाली बघत म्हणाली. "आधी सांगायला बंदी होती. लोकांनी मुद्दाम सडवलं असतं ना."

मुद्दाम सडकं लपवणारा माणूस कुठल्याच संस्थेच्या ध्यानात आला नव्हता. नितेशने मग सगळं सांगितलं, सत्तेचाळीस नंबरपासून.

तिने वहीतला शून्यांचा रकाना उघडला. त्याच शून्यांचा अहवाल तिच्या नावाने छापून गेला होता.

"तुझे हात खराब होऊ नयेत म्हणून..." तो म्हणाला.

"वेड्या, मोजणी आठवड्यातून एकदाच होती. रोज कशाला येत होते मी?"

बाहेर प्लायवूडचा टेम्पो येऊन थांबला होता. नितेश उद्या कुडाळला मामाकडे निघणार होता. ती उद्या संस्थेतल्या साहेबांना खरं सांगणार होती, आणि त्यानंतर तिला मोजायचं काम कोणी देईल असं दोघांनाही वाटत नव्हतं.

शेवटच्या खेपेच्या पपयांना नितेशने हात लावला नव्हता. चेतनाने बाह्या वर सारल्या आणि त्या सडक्या ढिगात उघडा हात घातला. या वेळी डोळे मिटले नाहीत.

"खरे आकडे लिही," ती म्हणाली.

नितेश लिहीत गेला. चांगल्या पपईला नुसती खूण. सडकीला वजन, फोटो, शेरा. ढिगात आता अकराच उरल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच नितेशला वाटलं, सगळ्या सडक्या निघू देत. सडकीला वेळ जास्त लागतो.