आलिडाचा दगड

सदरलंड गावच्या शाळेत मी मुलांना दोन गोष्टी हटकून शिकवायचो: आकाश ओळखणं आणि आरशाने बोलणं. कारूच्या ओसाड माळावर मेंढ्या लांब चरतात, हाक पोचत नाही. ऊन मात्र भरपूर. टेकडीवरून तीन लखलखाट, जरा थांबून एक, म्हणजे ‘घरी येऊ?’ अंगणातून एक लांब लखलखाट, म्हणजे ‘ये.’

मीटाची लेक आलिडा यात तरबेज. उत्तर मिळालं की आरसा खिशात टाकायची आणि घराकडे चालू लागायची. पुढे ती डोंगरावरच्या वेधशाळेत लागली. पृथ्वीच्या वाटेला छेदून जाणारा एक छोटासा लघुग्रह तिने शोधला. त्याच हिवाळ्यात बर्फाळ घाटात तिची गाडी कोसळली आणि ती गेली.

यंदा तो दगड पृथ्वीजवळ परत आला. आलिडाबरोबर काम करणारा लुंगिले त्याच्या प्रकाशाचा आलेख घेऊन मीटाच्या स्वयंपाकघरात आला.

“जवळून जाईल, मावशी, पण आपल्याला चुकवून जाईल. घाबरू नका.”

आलेखात तीन टोकं होती. मग सपाट जागा, मग एक टोक. पुढे पुन्हा तसंच.

मीटाने त्यावर बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही.

मी टोपलीतला एक लांबट बटाटा खिडकीतल्या उन्हात फिरवून दाखवला. “वेडावाकडा दगड फिरताना असाच कमीजास्त चमकतो, मीटा.”

“तुमचा बटाटा उकडून खा, मास्तर. पोरगी विचारतेय.”

भिंतीवरचा आरसा काढून ती अंगणात गेली. मी मागोमाग गेलो.

“अगं, दिवसा तो दिसायचाही नाही.”

“दिवसाही सगळं वरच असतं, हे तुम्हीच शिकवलंत ना? मग? आईने काय ‘नको येऊ’ म्हणायचं?”

तिने आरसा उन्हात धरला. जड आरसा एका जागी राहीना. शेवटी मीच तिचं कोपर धरलं.

एक लांब लखलखाट.

दुसऱ्या दिवशी लुंगिले आला तो टोपी चुरगाळत.

“काल रात्री त्याचं लुकलुकणं थांबलं, मास्तर. एकसारखा मंद दिसतोय. असं होत नसतं.”

“आणि त्याची वाट?”

“पुन्हा मोजतोय.” त्याने मीटाकडे पाहिलं नाही.

“चालत यायला वेळ लागतो,” मीटा म्हणाली.

तिने तीन पेल्यांत कॉफी ओतली. चौथा, निळा पेला फडताळातून काढून पुसला आणि गरम राहावा म्हणून चुलीच्या कडेला उपडा ठेवला.